राजमुद्रेवरचे मोजे

सगळं कार्यालय त्यांना झेंडेकाका म्हणायचं. सकाळी झेंडा चढवायचा, मग साहेबांच्या खुर्चीमागची पितळी राजमुद्रा घासून लख्ख करायची, यातच त्यांची शिपायाची नोकरी सरली. निवृत्तीच्या दिवशी त्या मुद्रेखाली जोडीने फोटो काढायची तेवढी हौस होती, म्हणून ते काकूंना घेऊन आले. पाहतात तर मुद्रेवर साहेबांचे ओले मोजे वाळत घातलेले आणि खोलीभर कुबट वास.

“खुंटी तुटली हो, काका,” साहेब चहा फुंकत म्हणाले. “काढा की फोटो. फोटोत कुठे वास येतोय?”

काकूंनी नाकाला रुमाल लावला. “चला हो घरी. तिथल्या भिंती तरी स्वच्छ आहेत.”

काकांनी खिशातलं पुसायचं फडकं साहेबांच्या टेबलावर टाकलं आणि फोटो न काढताच दोघं बाहेर पडली.