कदाचितवाल्या बाई

बोट तोंडात घालून ओलं करायचं, वर धरायचं आणि वारा कुठला ते बघायचं. जव्हारच्या एसटी स्टँडवर अशा उभ्या असलेल्या बाई तुम्हीही पाहिल्या असतील. आमच्या शेजारी भाड्याने राहायच्या. काम काय, तर लॅपटॉपवरच्या नकाशात भातावरचे खोटे तुडतुडे सोडायचे, त्यांना वारा, पाऊस, पिकाचं वय पुरवायचं आणि ते कुठवर पसरतात ते पुन्हा पुन्हा पाहायचं.

"आज खोडाळ्याला पोचले!" पाहुणे आल्यासारखं दारातूनच सांगायच्या.

"खरंच येणार?"

"कदाचित."

हा शब्द मला सोसत नसे. मी चळवळीची पत्रकं वाचून वाढलो. आमच्या पत्रकांत उद्गारचिन्हं असतात, कदाचित नसतं.

त्या भाद्रपदात नकाशावरचा खोडाळा लालभडक झाला. उपाय होता: खाचरातलं पाणी काही दिवस काढून टाकायचं. पावसावरच्या शेतीत हे सांगायला छाती लागते. पाऊस पुन्हा आला नाही तर भात वाळणार. मी पत्रक लिहिलं: 'तुडतुडे येत आहेत! बांध फोडा!' बाईंनी मधे पेनाने 'कदाचित' घुसवलं.

"अहो, कदाचितने कोण उठतं? तो औषधवाला दुकानदार बघा, कसा ठाम बोलतो!"

"त्याला औषध विकायचंय. मला फक्त सांगायचंय."

मी पत्रक 'कदाचित'सकट छापायला दिलं.

खोडाळ्याच्या बाजारात एका म्हातारीने पत्रक वाचून घेतलं. "पाणी सोडला न् किडा नाय आला तं?"

"तर मी चुकले, आजी."

"यापरीस आमचा भगत बरा. तो कदी चुकतच नाय."

सगळे हसले, बाई सगळ्यांत जास्त. म्हातारीने मात्र घरी जाऊन आपल्या दोन खाचरांपैकी एकाचा बांध फोडला. दुसरं भरलेलं ठेवलं.

तुडतुडे आले. भरलेलं खाचर वणवा फिरल्यासारखं करपलं, पाणी काढलेलं तगलं. माझ्या डोक्यात पुढच्या पत्रकाचा मथळा तयार: 'विजय!' बाई करपलेल्या खाचराच्या बांधावर बसून राहिल्या.

"हे माझ्या कदाचितने गेलं."

म्हातारीने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "न् ता रायला, ता कोनानं, बाय?"

पुढे बाईंची बदली झाली. यंदा खोडाळ्याला गेलो, तर म्हातारी बांधावर ओलं बोट वर धरून उभी.

"काय आजी, येणार का तुडतुडे?"

"बायचा फोन आलता. कदाचित, बोलली," असं म्हणत तिने बांधात कुदळ घातली.