मामांचा अडलेला श्वास

ताई दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि संध्याकाळी आमच्या त्रिकुटात सॅक्सोफोन वाजवायची. मी ड्रमवर, लंबू बास गिटारवर. घरचे "आता बास कर" म्हणाले की लंबू म्हणायचा, "तेच तर करतोय!"

सॅक्सोफोन ताईच्या मामांचा. त्यांचा जन्म हॉटेलच्या बँडमध्ये गेला. भाचीला जॅझ त्यांनीच शिकवलं. छातीच्या दुखण्याने ते गेले, तेव्हा ताईने ठरवलं, ज्यांच्यामुळे आपण वाजवतो त्यांच्याच चालींचा कार्यक्रम करायचा. शेवटची चाल मामांची.

तालमीत मला काहीतरी खटकायला लागलं. मामांची चाल आली की ताईचा श्वास मध्येच अडायचा, हुंदका गिळल्यासारखा. सूर मागाहून यायचा.

"ताई, दम लागतो का गं?"

"नाही रे. का?"

लंबू तार जुळवता जुळवता, मान खाली घालूनच म्हणाला, "मामांचा अस्साच अडायचा."

ताईने वाद्य पेटीत ठेवून दिलं. तिने डॉक्टरला छाती दाखवली, तर ती ठणठणीत. सुरांबरोबर ती मामांचं दुखणंही शिकली होती, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

कार्यक्रमाला मामी अगदी पुढे बसल्या. शेवटची चाल सुरू झाली. नेमक्या त्या जागी ताई अडली आणि त्या शांततेत समोरून कुणीतरी मोठ्याने श्वास ओढला. मामींनीच. चालीत ती जागा पुन्हा आली, पुन्हा तेच. ताई अडायची, मामी श्वास घ्यायच्या, मगच सूर निघायचा. टाळ्या पडल्या, पण आम्हा तिघांना एकमेकांकडे बघवेना.

नंतर मामी पडद्यामागे आल्या. "झोपेत त्यांचा श्वास अडला की मी असा जोरात घ्यायचे गं. मग त्यांना आठवायचं. शेवटी एकदा नाही आठवलं." त्यांनी ताईच्या गालावरून हात फिरवला. "छान वाजवलंस. पण मला परत बोलावू नकोस."

ताईने ती चालच सोडून दिली. बोलता बोलता मात्र ती अडायला लागली. मी कधी बोलून दाखवलं नाही.

मग एके दुपारी मामींचाच फोन आला. "घर फार गप्प झालंय. वाद्य घेऊन ये."

ताईला एकटीला धीर होईना, म्हणून मी सोबत गेलो. मामी स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या, बाहेर आल्याच नाहीत. ताईने चाल सुरू केली. श्वास अडला. आतून काहीच आवाज नाही. मटार सोलणंही थांबलं होतं. ताईचे डोळे दाराकडे लागले. शेवटी तिचा तिने श्वास घेतला आणि चाल पुरी केली.

मामी दारात आल्या. "मुद्दाम धरून ठेवला होता मी माझा श्वास," त्या म्हणाल्या. "बघत होते, तू तरी परत येतेस का."

तेव्हापासून ताई सुटीच्या दिवशी मामींकडे जाते. ती चाल फक्त तिथे वाजवते. आमच्याबरोबर नाही.