नरसिंहरावांची मूठ

कुंभकोणमच्या स्टेशनाबाहेर तेव्हा जटके उभे राहत. जटका म्हणजे गोल छपराचा, आत गवतावर चटई अंथरलेला टांगा. त्या रांगेत नरसिंहराव बारगिरांचा जटका लांबूनही ओळखू यायचा, कारण गाडीवान घोड्याशी मराठीत बोलत असे. पूर्वज तंजावरच्या राजाच्या घोडदळात होते, हे नरसिंहराव प्रत्येक उतारूला सांगत. उतारू बिचारा आपली वळकटी सांभाळत मान डोलवी. गावाच्या तमिळ तोंडी ते नुसते ‘रायर’, म्हणजे राव. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, असा त्या सगळ्या घरांचा रिवाज होता. उंबऱ्याबाहेर मराठी कळणारा एकच जीव होता, तो त्यांचा घोडा खंडू. तांबडा, कपाळावर पांढरा टिळा. ‘सबूर’ म्हटलं की खंडू जागच्या जागी उभा राही, मग पुढे हिरवं गवत असो की मारका बैल.

स्टेशनवरच्या उतारूंवर पोट भरायचे दिवस मोटारबसने कधीच संपवले होते. नरसिंहरावांची चूल चालायची ती विड्याच्या पानांवर. सुंदरेश मुदलियार हे पानांचे व्यापारी. त्यांचा मळा जवळच्या इन्नंबूर गावी. सकाळी रिकामा जटका घेऊन जायचं, टोपल्या भरायच्या आणि उन्हं चढायच्या आत मद्रासच्या गाडीवर चढवायच्या. पान हे मोठं नाजूक प्रकरण. वाटेत ऊन लागलं की मान टाकतं, आणि मग मद्रासचा दलाल तोंड वाकडं करतो.

पंचावन्न सालच्या पोंगलनंतर मुदलियारांनी लष्कराच्या लिलावातून एक मोटारसायकल आणली. हिरवी, ठिकठिकाणी पोचे आलेली आणि डाव्या अंगाला एका चाकावरची लांबट पेटी जोडलेली. मुदलियार तसे वाईट नव्हते. त्यांनी नरसिंहरावांना बोलावलं आणि म्हणाले, “रायर, पानं आता हिच्यावरून जाणार. पंगुनी महिना लागेपर्यंत शिका, दोन महिने आहेत. शिकलात तर काम तुमचंच. नाही शिकलात तर मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

नरसिंहरावांनी पन्नाशी ओलांडली होती. दुसरं काम येत नव्हतं, आणि त्या वयात कोणी दिलंही नसतं. ते “सरी”, म्हणजे बरं, म्हणाले आणि मोटारसायकलीच्या नळकांड्यावरून घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा हात फिरवला. नळकांडं तापलेलं होतं.

शिकवायला मणी होता. सायकल दुकानातला मिस्त्री, लढाईत लष्कराच्या गाड्या चालवलेला, तोंडाने फटकळ पण मनाने सरळ. इन्नंबूरच्या खळ्यावर भात झोडून झाला होता, जागा मोकळी होती. तिथे रोज दुपारी दोघं जात.

गिअरचं नरसिंहरावांना फार लवकर जमलं. मणीने समजावलं, की डाव्या हाताने क्लच दाबायचा, पायाने गिअर टाकायचा, मग क्लच हळू सोडत मूठ पिळायची. नरसिंहरावांनी दोनदा इंजिन बंद पाडलं, तिसऱ्यांदा गाडी लोण्यासारखी निघाली. दुसरा गिअर कधी टाकायचा हे त्यांना सांगावंच लागलं नाही. इंजिनाचा आवाज ऐकून ते म्हणाले, “आता ही दुडकी मागतेय.” आणि खरंच, तीच वेळ होती. मणी कपाळावर हात मारून हसला. “रायर, आठवड्यात तुम्ही मलाच शिकवाल!” त्या दिवशी नरसिंहराव घरी गेले ते खुशीत, आणि जेवताना बायकोला, अलमेलूबाईंना, त्यांनी तीन वेळा इंजिनाचा आवाज काढून दाखवला.

पण घोडं पेंड खात होतं ते भलतीकडेच. चाळीस वर्षं त्या हातांत लगाम होता. काही आडवं आलं की हात छातीकडे ओढायचा, घोडा थांबतो. आता ही मोटारसायकलीची मूठ बघा. आपल्याकडे फिरवली की गाडी धावते, पलीकडे सोडली की मंदावते. सगळं उलटं! शांतपणे चालवताना नरसिंहरावांना ते पाठ होतं. पण तिसऱ्या दिवशी खळ्यात एक कोंबडी आडवी आली, आणि डोकं काही म्हणायच्या आत हात छातीकडे गेला. गाडी किंचाळून पुढे झेपावली आणि पेंढ्याच्या गंजीत घुसली. कोंबडी वाचली. नरसिंहरावांच्या कानांत, नाकात पेंढा.

मग हे रोजचंच झालं. शेळी आली, हात मागे. सायकलवाला आला, हात मागे. मणी ओरडून ओरडून घसा बसवून घेई. शेवटी तो म्हणाला, “दुपारी तुम्ही इथे शिकता आणि सकाळी पुन्हा लगाम धरता. हात विसरणार कसा? घोडा दारात आहे तोवर हे व्हायचं नाही, रायर.”

हे वाक्य नरसिंहरावांच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. इन्नंबूरला जाणाऱ्या स्वामिमलैच्या वाटेवर एक वीटभट्टी होती. भट्टीवाला कधीपासून खंडूवर डोळा ठेवून होता. नरसिंहरावांनी घरी विषय काढला तेव्हा अलमेलूबाई चुलीपुढून उठल्याच.

“आधीं ती विद्या येऊं द्या, मग घोडें द्या. हें असें उलटें कोण करतें?”

“घोडें आहे तोंवर विद्या येणार नाहीं, अलमेलू.”

“आणि घोडें गेलें, विद्याहि नाहीं आली, मग काय करायाचें?”

दुसऱ्या दिवशी नरसिंहराव खंडूला भट्टीवाल्याला विकून पायी घरी आले. भट्टीवाल्याला त्यांनी निघताना चार मराठी शब्द शिकवायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, “मला चाबूक येतो, तेवढा पुरे.”

पानं तेवढ्यापुरती मुदलियारांच्या बैलगाडीने जाऊ लागली आणि आता खरा अभ्यास सुरू झाला. संध्याकाळी नरसिंहराव ओसरीवर बसत. हातात लाटणं. आपल्याकडे फिरवलं की चाल, पलीकडे फिरवलं की थांब. अलमेलूबाई समोर बसून परीक्षा घेत. पुष्कळदा बरोबर येई. मग त्या बेसावध गाठून एकदम ओरडत, “बैल आला!” आणि लाटणं छातीला लागे. रोज लागे. एके संध्याकाळी त्यांनी लाटणं नवऱ्याच्या हातातून काढून घेतलं, आत गेल्या आणि भांडी घासायच्या निमित्ताने बराच वेळ रडल्या. बाहेर नरसिंहराव रिकामी मूठ फिरवत बसले होते. खंडूच्या जागेवर अजून थोडं गवत पडलेलं होतं, ते कोणी उचललं नव्हतं.

पंगुनी उजाडला. घोडामैदान आता दूर नव्हतं. मुदलियार स्वतः पेटीत बसले, पांढरी स्वच्छ वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, कपाळाला विभूती. मणी सायकलवरून मागे. नरसिंहरावांनी देवाचं नाव घेतलं आणि गाडी काढली. नदीवरचा पूल ओलांडला, गिअर एकामागून एक असे पडले की मुदलियारांना कळलंसुद्धा नाही. “नल्ला इरुक्कु, रायर, छान!” ते म्हणाले. नरसिंहरावांच्या छातीत कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास भरला. असंच जर मळ्यापर्यंत पोचता आलं, बास, एवढंच त्यांना हवं होतं.

मळ्याच्या तोंडाशी रेड्याची गाडी आडवी आली.

“सबूर!” नरसिंहराव ओरडले, आणि चाळीस वर्षांचा सगळा जोर लावून त्यांनी मूठ छातीकडे ओढली. मोटारसायकल तरी काय करील? तिला सांगितलं तसं तिने केलं. कुंपण तोडून ती पानमळ्यात शिरली, वेलांची एक सबंध सरी आडवी केली आणि झाडावर आपटून थांबली. मुदलियार पाटाच्या चिखलात बसलेले होते. लागलं कोणालाच नव्हतं, पण पांढऱ्या वेष्टीकडे बघून मळ्यातले गडी तोंडावर हात ठेवून उभे राहिले. मुदलियार उठले, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, “मणी, उद्यापासून तू ये.” ते रागावले असते तर नरसिंहरावांना बरं वाटलं असतं.

मणीने पुष्कळ नाही म्हणून पाहिलं. पण त्याच्याही घरात खाणारी तोंडं होती. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि नरसिंहरावांच्या हाती जे धुपाटणं राहिलं ते मात्र विचित्रच होतं. पेटी रिकामी असली की डाव्या वळणावर तिचं चाक उचललं जाई, एकदा मणी पडता पडता वाचला. जाताना पेटीत वजन हवं. मुदलियार म्हणाले, “वाळूची गोणी टाकली असती, पण गोणीला टोपल्या भरता येत नाहीत. रायर, तुम्ही बसा.” घोडदळाचा वारस असा वजन म्हणून कामाला लागला. येताना पेटीत पानं भरलेली असत, माणसाला जागा नसे. नरसिंहराव पायी परत येत.

पहिल्याच दिवशी वीटभट्टीचं वळण आलं. डावं वळण, मणीचा वेग जरा जास्त, पेटी खालून हलकी झाली आणि नरसिंहरावांच्या तोंडून निघून गेलं, “सबूर, सबूर!”

रस्त्याच्या कडेला विटांनी भरलेली गाडी ओढत असलेला तांबडा घोडा जागच्या जागी उभा राहिला. कान टवकारून इकडेतिकडे बघू लागला. मागून गाडीवानाचा चाबूक बसला. खंडू हलला नाही. थांब म्हटलं होतं, चल कोणी म्हटलं नव्हतं. पुन्हा चाबूक, पुन्हा.

नरसिंहराव पेटीत अर्धे उठले. चाक वर आलं.

“बसा, रायर! उठू नका, दोघंही मरू!” मणी ओरडला.

नरसिंहराव बसले. त्यांचे दोन्ही हात छातीशी घट्ट ओढलेले होते आणि गाडी पुढे चालली होती.

दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी एक केलं. पूल ओलांडला की ते कनवटीचं पान काढतात, चुना लावतात आणि भट्टीच्या अलीकडेच सबंध विडा तोंडात कोंबतात. वळणावर पेटी कितीही हलली तरी तोंड उघडत नाहीत. परतताना ते कालव्याच्या कडेने येतात. ती वाट लांबची आहे, पण तिकडून भट्टी दिसत नाही. एकदा मणीने विचारलं, “रायर, पूर्वी वाटेत तुम्ही किती बोलायचा. आता गप्पच झालात?” नरसिंहरावांनी भरल्या तोंडाने नुसती मान हलवली, आणि वळण पार होईपर्यंत विडा गिळला नाही.