आईबॉस ऑनलाइन आहे

पंधरा वर्षांची पोरगी. आई जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. घरात चांगला चालता गेमिंग कन्सोल आहे, तरी बापाकडे गेमिंग पीसी मागते. वर म्हणते, जुना दुकानात एक्स्चेंजला देऊन टाका. तिला तुम्ही काय म्हणाल? माझ्यासमोर सज्जनपणा नको. आमच्या सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलमध्ये जे म्हटलं गेलं तेच तुम्हीही म्हणाल. लाडावलीय. इथली हवा लागली. आईचं काही सोयरसुतक नाही.

मेन स्ट्रीटवरच्या डोशाच्या हॉटेलात हा खटला चालला, तोही पोरगी टेबलाशी बसलेली असताना. पोरीचं नाव स्वरदा, बापाचं शैलेंद्र. मी त्यांच्या शेजारच्या युनिटमध्ये राहते. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आहे, आणि ती भिंत नावालाच आहे. बिल्डरने पुठ्ठा उभा करून त्याला रंग लावलाय. त्यावरून मी एजंटशी तीनदा भांडलेय आणि चौथ्यांदाही भांडणार आहे. पण तो विषय वेगळा.

"पीसीच घे रे," हृषिकेश म्हणाला. हा पुण्याचा, पॅरामॅटाला बँकेत आयटीत आहे. "कन्सोल म्हणजे डबकं. कंपनी सोडेल तेवढंच पाणी. पीसीवर उद्या कोडिंग करेल, युनीला उपयोग होईल."

"काही नको," त्याची बायको रुचा म्हणाली. "कन्सोल हॉलमध्ये टीव्हीला असतो, पोरं डोळ्यांसमोर राहतात. पीसी आला की बेडरूमचं दार बंद झालंच म्हणून समज. आमच्या नीलचं तोंड मला फक्त जेवताना दिसतं."

"तेही ताटात घातलेलं," हृषिकेश म्हणाला आणि स्वतःच हसला.

शैलेंद्रने चमचा खाली ठेवला. "कन्सोल कुठेही जाणार नाही."

माझं डोकं सटकलं. "अरे, ती इथे बसलीय! तिला का पीसी हवाय, हे कुणी विचारलं का? का नुसतेच वकील झालात?"

"इट्स फाइन, चारुमावशी," स्वरदा म्हणाली. तिने हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला. डोसा तसाच राहिला.

शैलेंद्र नाशिकचा. कुकरीच्या कोर्सला आला, परक्या किचनमध्ये भांडी घासली, पीआर, म्हणजे कायमचं राहण्याचा हक्क, मिळवला, आणि आता बस चालवतो. त्याच्या बसमध्ये म्हातारी चढली, की ती सीटवर टेकेपर्यंत चाक हलत नाही. मागच्याने हॉर्न मारून मरावं. इथे उतरताना लोक ड्रायव्हरला थँक यू म्हणतात. हा प्रत्येकाला 'नो वरीज, मेट' म्हणायचा. अजूनही म्हणतो, पण कौमुदी गेल्यापासून माणूस उतरून दार मिटल्यावर म्हणतो. रिकाम्या पायरीला.

कौमुदी म्हणजे त्याची बायको. वेस्टमीड हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. लोकांचं रक्त तपासता तपासता एक दिवस तिचंच तपासलं गेलं. केमोच्या दिवसांत बाहेर जाणं बंद झालं, तेव्हा स्वरदाच्या वाढदिवसाला आणलेला कन्सोल तिने बळकावला. एक गावाचा गेम होता. घर बांधा, मळा लावा, तळ्यातले मासे पकडा. मायलेकी एकाच सोफ्यावर, एकाच टीव्हीवर खेळायच्या. स्वरदाने आईच्या खात्याला नाव दिलं होतं, 'आईबॉस'. भिंतीतून मला रोज ऐकू यायचं.

"माझ्या भोपळ्यांवरून घोडा नेलास तर तंगडं मोडीन!"

"मॉम, इट्स अ शॉर्टकट!"

"शॉर्टकट तुझ्या बापाच्या बसला सांग!"

मग हसू, मग खोकला, मग पुन्हा हसू. जुलैच्या थंडीत ते थांबलं.

वसंतात एका दुपारी मी घरी होते आणि भिंतीतून तेच संगीत आलं. त्या गेमची बासरी. स्वरदा शाळेत होती, हे मला ठाऊक होतं. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. पोलिसांसमोर, घरमालकांसमोर कधी हलले नाही, पण त्या बासरीने माझ्या मानेवर काटा आला. कारण आता कौमुदी ओरडणार, असंच वाटत होतं.

आत शैलेंद्र होता. पहाटेची शिफ्ट असली की तो दुपारी घरी यायचा आणि कन्सोल लावायचा. पडद्यावर प्रश्न यायचा, कोण खेळतंय? खाली दोन चित्रं. तो आईबॉस निवडायचा, कारण तिचा मळा तिच्याच नावाने उघडतो. खेळता त्याला येत नाही. तो तिच्या बाहुलीला घराच्या पायरीवर उभं करायचा आणि बघत बसायचा. त्या गेममध्ये माणूस पाठमोरा दिसतो. केस, ओढणी, हातातली झारी. "वळव की तिला," मी नंतर म्हटलं होतं. तो म्हणाला, "नको. अशी उभी आहे तोवर ती वळेल असं वाटतं." गेममध्ये सूर्य मावळायचा. शाळा सुटायच्या आधी तो सगळं बंद करून भाजी चिरायला घ्यायचा. कुणाला कळत नाही, अशी त्याची समजूत होती.

हॉटेलातून आले त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे भडका उडाला.

"आई विकायला काढलीस तू?"

"इट्स अ बॉक्स, बाबा!"

"बॉक्स आहे ना? मग राहू दे की बॉक्स!"

"आय कान्ट लिव्ह विथ इट!"

दार आपटलं. माझ्या बाजूचं कॅलेंडर पडलं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी पॅरामॅटाहून भाडेकरूंची मीटिंग उरकून परत येत होते. बस शैलेंद्रची होती. शाळेचा गणवेश घातलेली स्वरदा मागे बसली होती. बापाने तिच्याकडे आरशातून पाहिलं, तिने खिडकीतून बाहेर. मी मुद्दाम तिच्या शेजारी जाऊन बसले.

"पीसी कशाला गं?" मी सरळ विचारलं. "फ्रेंड्स आहेत म्हणून?"

"सगळ्यांना देते तेच उत्तर हवंय का तुला?"

"नको. खरं सांग."

तेवढ्यात तिच्या फोनवर टुणकन वाजलं. तिने पाहिलं. फोन तिने माझ्यासमोर धरला. एक हिरवा ठिपका आणि दोन ओळी.

आईबॉस.
ऑनलाइन आहे.

"कन्सोलचं अॅप आहे," ती म्हणाली. "फ्रेंड्स लिस्टमधलं कुणी आलं की सांगतं. पहिल्यांदा आलं तेव्हा मी मॅथ्सच्या क्लासमध्ये होते. मी धावत बाहेर गेले, चारुमावशी. टॉयलेटमध्ये जाऊन तिला मेसेज केला, मॉम?"

"उत्तर?"

"नाही. दोन-तीन दिवसांनी कळलं, बाबांची अर्ली शिफ्ट असते तेव्हाच येतं. म्हणजे बाबाच. आय नो. पण कळायच्या आधी एक सेकंद असतो ना, त्या सेकंदात ती असते. दर वेळी."

"बंद का नाही करत ते नोटिफिकेशन?"

"तिला म्यूट करू?" ती माझ्यावर खेकसली. "मी?"

"मग बापाला सांग."

"सांगितलं तर ते खेळायचं बंद करतील. दॅट्स ऑल ही हॅज." तिने नाक पुसलं. "पीसी घेतला की मी त्या अॅपमधूनच बाहेर पडेन. कन्सोलही दुकानात गेला की संपलं. कुणाला काही सांगावं लागणार नाही." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पण चारुमावशी, बाबा तर बस चालवतायत."

मी समोर पाहिलं. शैलेंद्रचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. घराला कुलूप होतं. फोनवर हिरवा ठिपका तसाच होता. जणू सोफ्यावर कुणीतरी पाय पोटाशी घेऊन बसलंय, आणि दुसरा कंट्रोलर कोण उचलतंय याची वाट बघतंय.

शेवटचा स्टॉप आला. लोक उतरले. थँक यू, थँक यू. मिटलेल्या दाराला 'नो वरीज' मिळालं. मग स्वरदा उठली, पुढे गेली आणि फोन बापाच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

"तुम्ही आईच्या नावाने गेलात की मला हे येतं. दर वेळी येतं."

त्याने वाचलं. घड्याळ पाहिलं. पुन्हा वाचलं. "पण मी तर इथे…"

"आय नो!"

तो माणूस सीटवरून उठला, पण बेल्ट लावलेला होता, त्याने त्याला परत खाली बसवलं. "दर वेळी? शाळेत? वर्गात?" ती मान हलवत राहिली. "आणि मी समजत होतो, फक्त मलाच दिसते ती." त्याने पोरीचा हात फोनसकट छातीशी धरला. पुढची फेरी उशिरा सुटली. कुणी तक्रार केली असेल तर ती माझ्यावर घाला.

त्या दिवशी कन्सोल कुणी लावला, याचं उत्तर हृषिकेशने दिलं. आमच्या रस्त्यावर वीज गेली होती. परत आली की मशीन स्वतःहून उठतं आणि शेवटच्या नावाने आत शिरतं. पटलं. तरी तो ते सांगत होता तेव्हा रुचा उठून टीव्हीचा प्लग काढून आली, स्वतःच्या घरातला.

शैलेंद्रने कन्सोल विकला नाही. इंटरनेटवरून मात्र तोडला. मळा आतच असतो, घरात साठवलेला. आता शनिवारी दोघं सोफ्यावर बसतात. स्वरदा बापाला मासे पकडायला शिकवते आणि तो तिच्या शिव्या खातो. हृषिकेशने जुळवून दिलेला पीसीही आला. तो बेडरूममध्ये आहे आणि दार उघडं असतं.

गोड झालं, असं वाटलं ना? नाही झालं. परवा स्वरदा माझ्याकडे आली आणि फोन पुढे केला. ठिपका करडा होता. कन्सोल नेटवर येत नाही, म्हणून अॅप आता दुसरंच लिहितं. आधी आलं, आईबॉस, शेवटची ऑनलाइन: काल. मग म्हणे, गेल्या आठवड्यात. मग गेल्या महिन्यात.

"चारुमावशी, आता ती खरंच लांब चाललीय," ती म्हणाली. "मी रोज बघते, किती लांब गेली ते."

मला बोलता येतं म्हणून लोक मला मोर्च्यात पुढे उभं करतात. त्या दिवशी मी फक्त तिला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी त्या करड्या ठिपक्याकडे बघत बसलो.

तुमच्या घरातूनही कुणी गेलं असेल. त्यांचा फोन, त्यांचं खातं, त्यांचा पासवर्ड तुमच्यापाशी असेल आणि तुम्ही गुपचूप ते उघडत असाल. उघडा, माझी काही ना नाही. पण आज घरातल्या पोरांजवळ बसा आणि विचारा: मी ते उघडतो तेव्हा तुला काय दिसतं? आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.