समुद्र न पाहिलेल्या मुलांसाठी मासे काढणाऱ्या बाई

डहाणूच्या किनाऱ्यावरल्या वरोरच्या हेमलताबाईंना यंदा पंचाहत्तरावे वर्ष लागले. त्यांच्या बालवाडीतल्या कामाविषयी सत्काराच्या या गौरवग्रंथात मी लिहावे, असे संपादकांनी सुचवले. मी गंजाडच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवते. लिहिण्याची सवय हजेरीपटापुरतीच. तरीही नाही म्हणवले नाही.

बाईंची आणि माझी पहिली भेट डहाणूला एका प्रशिक्षणात झाली. मी नवीन होते, बाई निवृत्तीला आलेल्या. मुलांकडून रंगवून घेण्यासाठी समुद्रातल्या प्राण्यांचे छापील कागद आम्हाला वाटले होते. देवमासा, डॉल्फिन, पेंग्विन. बाईंनी हात वर करून विचारले, "सर, हा पेंग्विन आमच्या किनाऱ्यावर कधी येतो? जन्म इथेच गेला, अजून दिसला नाही." सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याशेजारी बसले. म्हटले, "बाई, माझ्या मुलांनी तर समुद्रच पाहिलेला नाही. त्यांना पेंग्विन काय आणि पापलेट काय!"

"चिंबोरी पाहिलीय ना? ओढ्यातली?"

"ती तर रोज पकडतात."

"मग तिथनं सुरुवात कर. ओढ्यातून निघालेलं पोर आपोआप समुद्राला पोचतं." एवढे बोलून त्यांनी माझ्या वहीत दोन्ही नांग्यांसकट पानभर चिंबोरी काढून दिली.

तेव्हापासून दर महिन्याला बाईंच्या चित्रांच्या झेरॉक्स माझ्याकडे येऊ लागल्या. निवृत्तीनंतरही त्यात खंड पडला नाही. एका कागदावर एकच मासा, रेघ जाड. लहान मुठीला बारीक काम देऊ नये, असे त्या सांगत. आ वासलेला बोंबील, चपटे पापलेट, मिशांची कोळंबी. चित्राखाली एक ओळ रिकामी असे. मूल आपल्या घरच्या बोलीत त्या प्राण्याला जे म्हणेल, ते मी तिथे लिहायचे. ज्याला नाव नसेल, त्याला मुलेच नाव ठेवत. मराठीत गप्प बसणारी मुले त्या रिकाम्या ओळीपाशी बोलू लागली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एकदा एका मुलीने सगळा समुद्र तपकिरी रंगवला. मी तिला टोकले आणि कौतुकाच्या अपेक्षेने बाईंना ते सांगितले. बाई म्हणाल्या, "पावसाळ्यात ये आमच्याकडे. मातकट समुद्र दाखवते. चूक तुझी आहे, पोरी." दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला म्हटले, "तुझंच बरोबर होतं." ती म्हणाली, "पूर आला की पाणी तसंच होतं ना, ताई." चार वर्षांच्या मुलीची माफी मागायला बाईंनी मला शिकवले.

मग बाईंच्या घरातले एकेक माणूस कमी होत गेले. यजमान गेले. मुलगा नोकरीसाठी सुरतेला गेला, पुढे बायकोमुलालाही घेऊन गेला. बाई गेल्या नाहीत. नातवासाठी त्यांनी चित्रांचे एक पाकीट पाठवले होते. "काय म्हणाला?" मी विचारले. तव्यावरची एकुलती भाकरी उलटत त्या म्हणाल्या, "तो मोबाइलवर रंगवतो म्हणे. बोट लावलं की रंग भरतो. कागदाचं काय करायचं, ते त्याला समजलं नाही." त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांच्या एका डोळ्याची नजर गेली आणि चित्रे यायची थांबली. मी भेटायला गेले तेव्हा खाटेखाली कागदांचा ढीग होता. एकाही माशाची रेघ जुळलेली नव्हती. "शेपटीपाशी हात चुकतो गं. पोरांचा रंग बाहेर सांडेल. चुलीत घालणार आहे." त्या पाणी आणायला आत गेल्या आणि मी तो ढीग पिशवीत घातला. न विचारता केलेली ही चोरी मी आज या ग्रंथात कबूल करते.

अंगणवाडीत जयू नावाच्या मुलीने विचारले, "ताई, याची शेपटी कुठं गेली?"

"तूच काढ."

त्या आठवड्यात सगळ्या मुलांनी शेपट्या काढल्या. कुणाची पंख्यासारखी, कुणाची कोंबड्याची. एरवी मुले रंग भरून मोकळी होत. या वेळी शेपटी कशाला असते, यावर भांडली. ते कागद मी वरोरला नेले. बाईंनी प्रत्येक कागद चांगल्या डोळ्याजवळ धरून पाहिला. "ही पापलेटची नाही, सुरमईची झाली," त्या म्हणाल्या. खडू उचलला, पुन्हा ठेवला. "राहू दे. पोहेल." मग विचारले, "आणशील का त्यांना एकदा?"

परवानगी आणि जीप मिळायला वर्ष गेले. गेल्या हिवाळ्यात मुले वरोरला आली. दोरीवर वाळत घातलेले बोंबील पाहून जयू ओरडली, "हे आमच्या कागदातले!" बाई प्रत्येकाचा हात धरून पाण्यापर्यंत गेल्या. पण जीप तासाभराचीच होती. निघताना मागे पाहिले, तर बाई वाळूतच उभ्या होत्या. घराकडे वळण्याची त्यांना घाई नव्हती.

बाईंना दीर्घायुष्य लाभो, असे लिहिताना माझा हात अडखळतो. एकट्या माणसाला लांब आयुष्य मागताना लांब दिवसही मागितले जातात. म्हणून मागणे थोडे बदलते. बाई, उरलेली नजर शाबूत राहो, पाय चालते राहोत, आणि तुमच्या ओट्यावर भांडायला चार पोरे रोज असोत. ही पोरे देवाने द्यायची नाहीत, आम्ही आणायची आहेत. आम्ही सगळे तुमच्याकडून शिकलो, सत्काराला जमलो आणि आपापल्या घरी जाणार. मी मंगळवारी येते. भाकऱ्या दोन टाका.