भिंतीवरचं वचन आणि माझा उजवा हात

गेल्या वर्षी नाताळच्या तोंडावर माझा उजवा हात गेला आणि त्याच्या पाठोपाठ माझी प्रार्थनाही गेली. हात तुटला वगैरे नाही. होता तिथंच होता, खांद्याला लटकलेला. सकाळी चहाची कपबशी उचलायला गेलो तर ती सरळ मांडीवर आली. मार्था, माझी बायको, आधी चिडली आणि मग माझं तोंड बघून शेजाऱ्यांकडे धावली. शेजाऱ्यांची गाडी, मग मिरजेचा दवाखाना, सुया, नळ्या. अर्धांगाचा हलका झटका आहे, वेळेत आलात, नशीब चांगलं, असं डॉक्टर म्हणाले. वाकडं झालेलं तोंड थोड्या दिवसांत सरळ झालं, पायही सावरला. हात तेवढा मागं राहिला. मी पेंटर आहे. प्रभू, न्यायचाच होता तर पाय न्यायचा होतास, असं मी खाटेवर पडल्या पडल्या म्हणालो, आणि त्यापुढं त्याच्याशी काय बोलावं ते मला सुचेना.

पेंटर म्हणजे बोर्ड रंगवणारा. चित्रकार म्हणवून घ्यायची माझी छाती नाही. कराड-मलकापूरच्या आसपास ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, दूध डेअऱ्या, तालमी, शाळेच्या भिंती यांच्यावर माझं अक्षर वर्षानुवर्षं नांदलं. मग फ्लेक्स आला आणि वाढदिवसापासून दहाव्यापर्यंत सगळं त्याच्यावर छापून यायला लागलं. आयुष्यात मी फार कुणाचा द्वेष केला नाही, पण फ्लेक्सचा मनापासून केला आहे. त्याबद्दल आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला एकदोनदा समजावूनही पाहिलं. बाहेरचं काम आटत गेलं तरी एक भिंत माझी राहिली होती. आमच्या चर्चमध्ये वेदीमागच्या भिंतीवर दर वर्षी एक नवं वचन लिहायची रीत आहे. पाळकसाहेब प्रार्थना करून वचन निवडतात, मी ते लिहितो, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेत महिला मंडळाच्या बाया भिंतीवरचा पडदा बाजूला करतात. मग वर्षभर आमची मंडळी, लहान-थोर सगळे, त्या अक्षरांकडे बघत बसतात. पडदा सरकतो तेव्हा सगळे वचन वाचत असतात आणि मी चोरून त्यांच्या तोंडांकडे बघत असतो. माझा वर्षाचा सण खरं तर तोच.

डिसेंबर लागला की जुनं वचन पांढऱ्या रंगाखाली झाकायचं आणि भिंत चांगली वाळू द्यायची, ही माझी पद्धत. घाईत रंग दिलेल्या भिंतीवर अक्षर फुटतं. म्हणून मी त्या वर्षीही लवकर काम उरकून भिंत कोरी केली, आणि लगेच झटका आला. जुनं वचन गेलेलं, नवं लिहिणारा दवाखान्यात. नाताळची उपासना कोऱ्या भिंतीपुढं झाली.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा पाळकसाहेब, आमचे सेक्रेटरी शमुवेल गुरुजी आणि महिला मंडळाच्या एस्तेरमावशी मला भेटायला आले. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि मग विषय भिंतीवर आलाच. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. चर्चची घंटा त्यांच्या मनगटावरच्या घड्याळावर वाजते, इतका शिस्तीचा माणूस. ते म्हणाले, "आवं पाळकसाहेब, कराडात सकाळी सांगितलं की दुपारी फ्लेक्स हातात मिळतोय. ह्यांचा हात बरा हुईस्तोवर तरी लावू. मंडळीनं कोऱ्या भिंतीकडं किती दिवस बघायचं?" बोलणं अगदी रास्त होतं, आणि म्हणूनच ते माझ्या काळजात घुसलं. मी काही म्हणणार इतक्यात एस्तेरमावशींनी बशी खाली ठेवली. "का वं गुरुजी, घरधनी आजारी पडला म्हणून कुणी भाड्यानं दुसरा आणतंय व्हय?" मार्था पदर तोंडाला लावून हसली. गुरुजींचे कान लाल झाले, पण तेही हसले.

पाळकसाहेब वयानं माझ्या मुलासारखे, सांगलीकडचे, बोलतात कमी. ते म्हणाले, "गाणाऱ्याचा आवाज बसला की आपण दुसरा गाणारा बघतो. पेटीवाल्याचे डोळे गेले की दुसरा पेटीवाला. आजाऱ्यासाठी प्रार्थना करतो, पण त्याची जागा ठेवत नाही. कलाकाराला मंडळीनं सांभाळायचं ते तो चालतोय तोवरच का? भिंत थांबेल. आपणही थांबू. दर शनिवारी ह्यांना चर्चमध्ये आणायचं. लिहिता आलं तर लिहितील, नाही आलं तर बसतील." गुरुजींनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची ते मला कळलं नाही.

खरं सांगतो, त्या प्रेमाचा मला राग आला. शनिवारी कुणीतरी स्कूटर घेऊन दारात उभं राही आणि मला मागं बसवून नेई. महिला मंडळाच्या दोघी सुतळीला नीळ लावून दोन्ही टोकांना ताणून धरत, मधे टिचकी मारली की भिंतीवर सरळ निळी रेघ उमटे, आणि मग सगळ्या माझ्याकडे बघत. त्या रेघेवर शिरोरेषा ओढायची, एवढंच काम. पूर्वी हे मी गप्पा मारता मारता करायचो. आता ब्रश भिंतीला टेकला की हात मांजरानं पकडलेल्या चिमणीसारखा फडफडायचा. रेघ वर जायची, खाली जायची, रंग ओघळायचा. मी रॉकेलच्या फडक्यानं पुसून टाकायचो आणि भिंतीवर करडा डाग राहायचा. रविवारी सगळी मंडळी त्या डागापुढं बसून गाणी म्हणायची. कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

असे बरेच शनिवार गेले. डाग वाढला, अक्षर काही आलं नाही. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू मी दिवसभर दाबत बसायचो आणि मार्था माझ्यासाठी प्रार्थना करत बसायची. मी नुसते डोळे मिटायचो. आत कुणाला हाक मारायची इच्छाच उरली नव्हती. शेवटी एका रविवारी उपासनेनंतर मी पाळकसाहेबांना गाठून म्हणालो, "लावा तुमचा फ्लेक्स. माझ्याच्यानं होत नाही." ते म्हणाले, "बरं. तुमचं सामान तुम्ही न्याल तेव्हा बघू." मार्थाच्या भावाचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथं गल्ल्यावर बसायचं मी मनाशी ठरवलं. ब्रश एकदा पेटीत बंद झाले की पुन्हा उघडायचे नाहीत, हेही ठरवलं.

पुढच्या शनिवारी स्कूटरवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं आणि एकटाच रिक्षानं गेलो. माझ्याकडची चावी लावून दार उघडलं. डबे, ब्रश, सुतळी पेटीत भरली. निघायला दाराकडे वळलो तर उंबऱ्यात एक माणूस उभा. पाठ ताठ, मिशी कापलेली, पायात फौजी पद्धतीचे बूट. "जरा टेकू का हितं?" म्हणाला. मी मान हलवली. तो मागच्या बाकावर बसला. शिराळ्याकडचा होता, फौजेतून निवृत्त झालेला. शेजारच्या गल्लीतल्या दवाखान्यात बायकोला आणलं होतं. "मालकिणीला आत घेतलंय. पोटात गाठ हाय. तिथं बसवंना मला, म्हून भाईर पडलो." त्यानं समोरची भिंत न्याहाळली. मग त्यानं मला विचारलं, "हितं देव कुठं हाय? भित्ताड मोकळंच हाय की."

मला लाज वाटली. मी म्हणालो, आमच्याकडं मूर्ती नसते, त्या जागी देवाचं वचन लिहायचं असतं, यंदा राहिलं आहे. "काय असतंय त्यात?" मी वचन म्हणून दाखवलं. संकटाच्या वेळी देव लांब नसतो, जवळ असतो, अशा अर्थाचं ते होतं. इतके महिने मी ते अक्षरांची मापं काढण्यापुरतंच वाचलं होतं. तो म्हणाला, "परत सांगा." मी परत सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "आणिक एकदा." मग कपाळ चोळत म्हणाला, "आज डोस्क्यात कायच ऱ्हाईना झालंय. लिवा की तिथं. बघत बसतो."

मी त्याला हात दाखवला. गेलाय म्हणालो. तो उठून जवळ आला, हाताकडं बघितलं आणि म्हणाला, "हाय की अजून. मी धरतो कोपर." मी नको म्हणायच्या आत त्यानं माझ्या कोपराखाली तळवा दिला होता. माणूस माझ्याहून थोराड, तळवा रखरखीत, आणि तोही थरथरत होता. मग मी पेटी उघडली. का उघडली ते मला आजही सांगता येत नाही. त्या घडीला मला माझी अब्रू आठवली नाही, रविवारची मंडळी आठवली नाही. एका माणसाची बायको आत टेबलावर आहे आणि त्याला काहीतरी वाचायला हवं आहे, एवढंच डोक्यात होतं. करड्या डागावरच मी वचनाचा पहिला शब्द लिहिला. प्रत्येक वळणावर हात हलला, कडा दातेरी झाल्या, शिरोरेषा पाण्यात बघितल्यासारखी झाली. पण शब्द वाचता येत होता. त्यानं तो मोठ्यानं वाचला आणि पुढच्या बाकावर जाऊन त्याच्याकडे बघत बसला. पुढचे शब्द त्याला आता आठवत होते. ओठ हलताना मला दिसत होते.

मग त्याचा फोन वाजला. "व्हय, आलोच," म्हणून तो उठला. दारात थांबून त्यानं भिंतीला हात जोडले आणि गेला. त्याचं नाव विचारायचं राहिलं. सोमवारी मी त्या दवाखान्यात जाऊन चौकशी केली, पण नावावाचून कोण काय सांगणार? ती बाई वाचली का, मला माहीत नाही. तो गेल्यावर मी त्याच बाकावर बसलो आणि कितीतरी महिन्यांनी माझ्या तोंडून प्रार्थना निघाली. ती त्या बाईसाठी होती, माझ्या हाताचं नाव तिच्यात नव्हतं. तेव्हा मी रडलो. पाव तास आधी मी कुलूप लावून निघालो असतो तर, हा विचार आजही मनात येतो. त्याचा हिशेब मी लावत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर एकच शब्द होता आणि त्याच्यापुढं सगळी मंडळी. एस्तेरमावशी म्हणाल्या, "एकच? बरं झालं, पाठ तरी व्हईल." मी पाळकसाहेबांना सांगितलं की मी लिहितो, पण कुणीतरी कोपर धरायला हवं. ते म्हणाले, लोक आहेत की. त्यानंतर दर शनिवारी थोडं थोडं लिहिलं जाऊ लागलं. कधी मार्थानं कोपर धरलं, कधी पाळकसाहेबांनी, कधी मावशींनी आणि वर सूचनाही केल्या. मी शनिवारी येतो म्हणून आवाज बसलेले आमचे जुने गाणारेही येऊन बसू लागले. ते गुणगुणायचे, मी लिहायचो. पुनरुत्थानाचा सण म्हणजे ईस्टर होऊन गेला, ऊसतोडीच्या टोळ्या परत गेल्या, आणि मग एकदाचं वचन पुरं झालं. फ्लेक्सचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

शेवटच्या शब्दाला कोपर गुरुजींनी धरलं होतं. ब्रश धुऊन झाला तरी ते गेले नाहीत. घड्याळाशी चाळा करत म्हणाले, "एक काम सांगू का? आमच्या हिच्या कबरीच्या दगडावरचं नाव मशिननं कापलंय. लय सरळ हाय. दफनभूमीत गेलं की परक्याच्या दारात उभं ऱ्हायल्यागत वाटतंय. तुमी लिवाल का?" त्यांच्या पत्नी कंपवातानं अंथरुणावर होत्या आणि त्यातच गेल्या, हे आम्हा सर्वांना माहीत होतं. मी म्हणालो, गुरुजी, माझा हात तुम्ही आत्ताच बघितलात. ते म्हणाले, "शेवटी तिचाबी हात असाच थरथरायचा. जेवताना मी धरायचो. म्हून तर तुमाला सांगतोय."

आम्ही दोघं गेलो. मशिननं कापलेल्या नावाच्या खाली, कोऱ्या जागेत मी त्यांच्या पत्नीचं नाव लिहिलं आणि गुरुजींनी माझं कोपर धरलं. अक्षरं हलली तशी मी हलू दिली. लिहून झाल्यावर गुरुजी कितीतरी वेळ तिथं बसून होते, आणि त्या दिवशी त्यांनी घड्याळ बघितलं नाही. मी देवाकडं माझा जुना हात मागत होतो. तो त्यानं दिलेला नाही, आणि देईल असं वाटतही नाही. हा जो दिला आहे तो कुणाच्या तरी तळव्यावर ठेवल्याशिवाय चालत नाही. प्रभू, तुझे आभार, आता मला हाच पुरे.