आवाजाचे वीस गुण

रविवार, सोळा नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा. रक्कम जास्तीत जास्त एक कोटी वीस लाख. हजर तिघं: मी, माझा शाळेपासूनचा मित्र आणि त्याची बायको. विषय: मित्राने घ्यायची टर्बो इंजिनाची स्पोर्ट्स कार.

असं लिहायची मला सवय आहे. अठ्ठावीस वर्षं मी एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. पंप असो, केबल असो की कँटीनची भांडी, कोणाचा माल घ्यायचा याचा तुलनात्मक तक्ता मी करतो. म्हणूनच मित्राने मला बोलावलं होतं.

त्याचं घर डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला. जिथे त्याच्या वडिलांची भातशेती होती तिथे आता बावीस मजल्यांच्या चार इमारती आहेत आणि त्यातल्या एकीचे वरचे दोन मजले त्याचे. माझे वडील रेल्वेत होते. आम्ही ठाकुर्लीच्या क्वार्टर्समध्ये वाढलो आणि मी आजही ठाकुर्लीतच राहतो, सहाशे दहा चौरस फुटांत. माझ्या त्या घराचं कर्ज गेल्या मार्चमध्ये फिटलं, वीस वर्षांनी. शाळेत मी पहिला यायचो. तो दहावीला गणितात दोनदा नापास झाला. तिसऱ्या वेळेला, मी अकरावीत असताना, आमच्या क्वार्टरच्या पायरीवर बसवून मी त्याला शेकडेवारी शिकवली आणि तो सुटला.

एक कोटी वीस लाख हा आकडा त्याने सांगितला तेव्हा मी मनात भागाकार केला. माझी गाडी आठ वर्षांपूर्वी सहा लाख वीस हजारांना घेतलेली. एकोणीसपट आणि वर थोडं.

"दोन गाड्या बगून ठेवल्यात," तो म्हणाला. "एक करडी, एक लाल. कनची घेऊ ते तू सांग. मना कलत नाय."

करडीचं इंजिन चार सिलिंडरचं, रस्त्यावर येईपर्यंत शहाण्णव लाख. लाल सहा सिलिंडरची, एक कोटी अठरा लाखांच्या आसपास. दोन्ही टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा एक लहान पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, त्यामुळे ताकद वाढते. पण तोच पंखा धुराच्या वाटेत बसलेला असल्यामुळे आवाज दाबूनही टाकतो. म्हणून टर्बो गाडीत आवाज वेगळा तपासावा लागतो, हे मी दोन दिवस वाचून ठरवलं होतं.

मी तीन रकाने आखले. ताकद आणि पळणं हा पहिला, आवाज दुसरा, पैशाचं मोल तिसरा. मग आमच्या ऑफिसातला नियम सांगितला: कोणत्या रकान्याला शंभरातलं किती वेटेज, हे माल बघायच्या आधी ठरवायचं. ते कागदावर लिहून, लिफाफ्यात घालून, चिकटवलेल्या जागेवर सह्या करायच्या. माल बघितल्यावर वेटेजला हात लावायचा नाही. हात लावला की माणूस आधी मनात निकाल ठरवतो आणि मग त्याला आकडे पुरवतो.

"शंभरातले शंभर आवाजाला दे," तो म्हणाला.

"असं होत नाही. मग ढोल घे एक."

"भाऊजी, खरंच सांगते," वहिनी म्हणाल्या, "यांना आवाजच पाहिजे. बाकी सगळं निमित्त. मी विचारलं डिकीत तांदळाची गोणी बसते का, तर तोंड फिरवलं."

"गोणीला टेम्पो हाय ना."

वहिनींचं म्हणणं खोटं नव्हतं. लहानपणी आम्ही रेतीबंदरावर बसायचो. खाडीच्या वळणापलीकडून रेतीची बोट दिसायच्या आधी तो नुसत्या इंजिनाच्या ठोक्यावरून सांगायचा, कोणाची बोट, रिकामी की भरलेली. मी मोजून ठेवलं होतं. एका मे महिन्यात एकूण एक्केचाळीस बोटी, त्यात तो दोनदा चुकला. गणितात नापास होणाऱ्या पोराला असा कान कोणी दिला, याचं मला तेव्हाही कोडं पडायचं. आवडायचंही नाही फारसं.

घासाघीस होऊन ठरलं: ताकद पस्तीस, आवाज तीस, मोल पस्तीस. कागद लिफाफ्यात गेला, आम्ही दोघांनी सह्या केल्या आणि त्याच्या आईने तो नेऊन देव्हाऱ्यात ठेवला. त्यांच्याकडे सगळे महत्त्वाचे कागद आधी तिथे जातात. लिफाफ्याला हळदकुंकूही लागलं.

"उघडायचा कवा?" त्याने विचारलं.

"गरज पडली तर," मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी आम्ही ठाण्याला गेलो. दोन्ही शोरूम घोडबंदर रोडवर, एकमेकांपासून दीड किलोमीटरवर. चाचणीच्या वेळी चालवायला तो, शेजारी शोरूमचा माणूस आणि मागे मी. मागे म्हणजे जिला कंपनी सीट म्हणते तिथे, गुडघे हनुवटीला.

आधी करडी. चांगली गाडी. पेट्रोल दाबल्यावर क्षणभर थांबते आणि मग ढकलते. शोरूमच्या माणसाने एक बटण दाबलं, आतला आवाज एकदम भरदार झाला. मित्राने दोन सिग्नल मान दरवाज्याकडे कलती ठेवून गाडी चालवली. मग म्हणाला, "साहेब, यो आवाज डब्यातला हाय."

"म्हणजे, सर?"

"इंजिन पुढं, आवाज दरवाज्यातून येतंय."

शोरूमचा माणूस हसला आणि त्याने कबूल केलं की या मोडमध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून देतात. आजवर कोणी ओळखलं नव्हतं, म्हणाला. मी ते वाचलेलं होतं, पण कानाला मलाही कळलं नव्हतं.

मग लाल. ती सुरू झाली तेव्हाच मागच्या सीटवर माझ्या पाठीत काहीतरी घुमलं. मानपाड्याच्या पुढे रस्ता जरा मोकळा मिळाला, त्याने काचा खाली केल्या आणि पाय दाबला. आवाज आधी जाड, मग चढत चढत बारीक आणि स्वच्छ, एखाद्याने लांब तान घ्यावी आणि श्वास पुरावा तसा. टर्बो असूनही. मित्र हसला. मोठ्याने हसला नाही, आरशात मला फक्त त्याचे डोळे आणि गाल दिसले. रेतीबंदरावर बोट बरोबर ओळखली की तो असाच हसायचा.

मला ती गाडी हवी होती का? नव्हती. मला ती परवडणार नाही, हे मला मान्य आहे आणि त्याचा त्रासही होत नाही. मला एवढंच हवं होतं की त्याला ती मिळू नये. पैसा त्याला जमिनीने दिला, त्यात मला बोलायला जागा नव्हती. पण त्या पैशातून इतका नेमका आनंद त्याला घेता यावा, आणि मला माझ्या फिटलेल्या कर्जाचाही तसा आनंद घेता आला नव्हता, हे मला मागच्या सीटवर बसून सोसेना.

सोमवारी ऑफिसातून आल्यावर चहा घेऊन मी तक्ता करायला बसलो. गुण प्रामाणिकपणे दिले. करडीला दहापैकी ताकदीत सात, आवाजात चार, मोलात नऊ. लालला नऊ, नऊ आणि सहा. लालचा विमा, टायर, सर्व्हिस सगळंच महाग, म्हणून सहा. ठरलेल्या वेटेजने बेरीज आली: करडी अडुसष्ट, लाल साडेएकोणऐंशी.

मी ती बेरीज बराच वेळ बघत होतो. मग आवाजाचे तीस होते त्यांचे दहा केले आणि वीस मोलात टाकले. आता करडी अठ्ठ्याहत्तर, लाल साडेत्र्याहत्तर. अठ्ठावीस वर्षांत मी हे एकदाही केलेलं नव्हतं. साहेबांनी सांगूनही केलं नव्हतं आणि त्यापायी एक बढती दोन वर्षं लांबली होती.

मित्राला दिलेल्या कागदावर मी गुण आणि शेवटची बेरीज लिहिली, वेटेज लिहिलं नाही. ते लिफाफ्यात आहेच, म्हटलं.

त्याने कागद दोनदा वाचला. वहिनींनी विचारलं, "आवाजात नऊ आणि चार, तरी लाल हरली?"

"किंमत भारी पडली, वहिनी."

"तू केलंय म्हंजे बरोबर," मित्र म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने करडीचे पाच लाख भरून बुकिंग केलं.

तीन दिवस मी मजेत होतो. बायको म्हणाली, "चेहरा बरा दिसतोय, काय झालं?" मी म्हटलं, थंडी पडलीय. चौथ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत त्याचा फोन आला.

"भावा, एक काम कर. शोरूममधी विचार, तो डब्यातला आवाज बंद करता येतो का. तुला नीट विचारता येतं."

"का रे?"

"बिनआवाजाची चालंल मना. पन खोटा नको. रोज ऐकवणार नाय."

मी फोन करून विचारलं. बंद करता येत होता. तसं त्याला कळवलं. "बस झालं मग," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तक्रार शोधूनही मला सापडली नाही. मी डबा न संपवता परत घरी नेला. बायकोने झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

तिने भाजी परत पातेल्यात ओतली. "त्यांनी लिफाफा उघडला तर?"

"तो नाही उघडणार."

"तेच तर," ती म्हणाली.

रविवारी मी त्याच्याकडे गेलो. तो जमिनीवर बसून भाच्याच्या लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते लिहीत होता, वहिनी पाकिटं भरत होत्या. मी उभ्यानेच म्हटलं, "लिफाफा उघड."

"गरज काय?"

"आहे."

त्याने देव्हाऱ्यातून लिफाफा आणला, कुंकू लागलेली बाजू जपून फाडला. कागद वाचला. मग माझा तक्ता आणला, शेजारी ठेवला, आणि पेन बाजूला ठेवून पेन्सिल घेतली. मला वाटलं तो मला विचारेल. त्याने विचारलं नाही. पत्रिकेच्या एका पाकिटाच्या मागे त्याने स्वतः गणित मांडलं, मी शिकवलं होतं तसंच, पस्तीस खाली नऊ, मग दशांश. एकदा खोडलं. दहा मिनिटं लागली असतील.

"साडेएकोणऐंशी," तो म्हणाला. "लाल."

"हो."

"मग तू?"

"आवाजाचे वीस काढले आणि किमतीत घातले."

"चुकून?"

"नाही."

वहिनींचे हात थांबले. मी म्हणालो, "तू लाल गाडीत हसलास. ते मला बघवलं नाही."

पेन्सिल खाली ठेवून तो म्हणाला, "दहावीला मना पास केलंस. तवा नाय जललास?"

"तेव्हा मी पुढे होतो."

वहिनी फिसकन हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावून आत गेल्या, चहा टाकायला. तो हसला नाही. पाकिटावरचं गणित पुन्हा एकदा तपासलं, घडी करून खिशात ठेवलं.

"बुकिंग मोडलं तर पन्नास हजार कापतात," तो म्हणाला.

"ते मी देईन."

मला खात्री होती की तो नको म्हणेल. त्याच्या भाच्याच्या लग्नातल्या मंडपाच्या फुलांनाही पन्नास हजार पुरणार नव्हते. मी नको म्हणण्याची वाटही बघत होतो, कारण मग मी आग्रह केला असता आणि जरा बरा माणूस ठरलो असतो.

"हाव, तूच दे," तो म्हणाला. "चेक नको. आत्ताच पाठव फोनवरून."

मी पाठवले. त्याच्या फोनवर रक्कम मिळाल्याची घोषणा झाली, मोठ्याने, आतल्या खोलीत ऐकू जाईल अशी. पन्नास हजार म्हणजे माझ्या गाडीचं वर्षभराचं पेट्रोल आणि विमा. तो ते इतक्या सरळपणे घेऊ शकला, याचाही मला हेवा वाटला. मग चहा आला आणि आम्ही तो प्यायलो. पत्ते लिहायला त्याने अर्ध्या पत्रिका माझ्याकडे सरकवल्या. माझं अक्षर त्याच्यापेक्षा बरं आहे.

लाल गाडी जानेवारीत आली. टिटवाळ्याला गणपतीपुढे तिची पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली. मी गेलो होतो. येताना मागच्या सीटवर मीच होतो, गुडघे हनुवटीला, आणि वहिनी पुढे. कल्याणच्या अलीकडे त्याने काचा खाली केल्या. आरशात मी बघितलं नाही, बाहेर बघत बसलो.

आता कधी रविवारी सकाळी मी बाल्कनीत पेपर वाचत असतो आणि ठाकुर्लीच्या पुलावर गाडी चढते. वळण घेऊन ती दिसायच्या आधीच मला कळतं की तो आहे. आजवर अकरा वेळा आला, मी एकदाही चुकलो नाही. मी पेपर घडी करून ठेवतो आणि बायकोला चहात एक कप पाणी वाढवायला सांगतो.

शेवटी दिलेली रक्कम: एक कोटी सतरा लाख शहाऐंशी हजार, लाल गाडीच्या शोरूमला, त्याच्या खात्यातून. पन्नास हजार, त्याला, माझ्या खात्यातून.